‘आमच्याकडनं होत नाही’ हे डोक्यातनं काढायचं कसं?

वडगावची_ताई

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सच्या मुलांना फिजिक्स आणि गणित शिकवते. निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातनं एसएसएलसी (दहावी) झालेली, येळ्ळूर, धामणे, मच्छे, अनगोळ भागातली. 625 पैकी साडेपाचशेच्या वर मार्क घेतलेली पोरं-पोरी फर्स्ट पीयूसीला आली की दिवाळीपर्यंत गप्प झालेली असतात. प्रश्न विचारला की मान खाली. एकटं गाठून विचारलं की ठरलेलं उत्तर, "ताई, आम्ही मराठी मीडियमचे. आमच्याकडनं सायन्स होत नाही."

आणि तोच प्रश्न मराठीत विचारला की उत्तर येतं! धावती बस एकदम थांबली की माणूस पुढं का फेकला जातो, जडत्व कशाला म्हणायचं, सगळं सांगतात. इनर्शिया म्हटलं की चेहरा कोरा. म्हणजे फिजिक्स येतंय, पण येत नाही हा निकाल परीक्षेच्या आधीच लागलेला आहे.

पालक बिचारे चांगले आहेत. पदरचे पैसे मोडून पोराला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवतात. तिथनं आल्यावर पोरगं आठवडाभर आरशासमोर "मी सर्वोत्तम आहे, मी जिंकणारच" म्हणतं, आणि टेस्टला चाळीसपैकी नऊ पडले की आधीपेक्षा जास्त खचतं. सकारात्मक विचार खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो असा पाठ करून येतो का? कुणी स्वतःची अशी एखादी समजूत मोडून काढली असेल तर नेमकं काय केलं ते लिहा. सुविचार नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सहाला मिळतात.

उद्यमबाग_सेटर

ताई, माझं सांगतो. मी आयटीआय टर्नर. साध्या लेथवर बरीच वर्षं काढली. उद्यमबागेत सीएनसी मशिनी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, वाढल्या तसं मालकानं मला ऑपरेटर केलं. जॉब लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, मोजमाप घ्यायचं. प्रोग्रॅम टाकायला मात्र डिप्लोमावालं पोरगं येणार. का, तर ते इंग्लिश. मी स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलेला, "ते आपलं काम न्हवं". सेटर (मशिन जुळवून देणारा) आणि ऑपरेटरच्या पगारात चांगला फरक असतोय, तरी सांगत होतो.

एका रात्रपाळीला ड्रॉइंग बदललं आणि प्रोग्रॅमर न्हाई. शेजारच्या मशिनवर एक म्हातारा सेटर होता, सातवी शिकलेला. तो म्हणाला, "ह्यात इंग्लिश कुठं हाय ते दाखव की मला." बघितलं तर खरंच कुठं न्हाई. जी 00 म्हणजे टूल हवेतनं झपकन न्यायचं, जी 01 म्हणजे दिलेल्या फीडनं सरळ कापायचं, जी 02 आणि जी 03 गोलाईला. एम 03 ला स्पिंडल फिरतंय, एम 30 ला प्रोग्रॅम संपतोय. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. हेच सगळं मी हँडल फिरवून आयुष्यभर करत आलेलो.

मशिनला सिंगल ब्लॉक म्हणून एक बटण असतंय. ते दाबलं की प्रोग्रॅमची एकच ओळ चालते आणि मशिन थांबतंय. परत स्टार्ट दाबलं की पुढची ओळ. नवा प्रोग्रॅम आम्ही आधी जॉब न लावता असाच ओळीओळीनं चालवून बघतो. टूल कुठं आदळत न्हाई म्हणून खात्री झाली की मगच धातू लावायचा. मी शिकलो ते असंच, आज ही ओळ, उद्या ती. "मी प्रोग्रॅमर होणार" असं मोठ्यानं एकदा पण म्हटलं न्हाई. पुढं कधीतरी ते पोरगं गावाला गेलं, आणि मशिन काय बंद पडलं न्हाई.

कुंदा_कमी_साखर

सेटरमामा, एक नंबर.

हिंडलगा_नाका

सेटरमामांना सलाम, पण माझी हरकत आहे. सीमाभागात राहून "सगळा मनाचा खेळ" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. उतारा काढायला जा, अर्ज कन्नडमध्ये. नोटीस कन्नडमध्ये. राज्य सरकारच्या भरतीला कन्नड पाहिजेच. 1956 पासून तीन पिढ्या हेच बघतोय. आमच्या आजोबांची मानसिकता एकदम टकाटक होती, फक्त समोरचा कागद त्यांना वाचता येत नव्हता. खऱ्या अडचणीला "तुझा विचार नकारात्मक आहे" म्हणायचं, म्हणजे अडचण ज्याला आहे त्यालाच दोषी धरायचं. ह्या शिबिरवाल्यांना एकदा तहसीलच्या रांगेत उभं करा.

अनगोळकर

शिबिराला सरसकट नावं ठेवू नका. माझा थोरला घरी आलेल्या पाहुण्यासमोर बोलत नव्हता. शिबिरानं तो बोलायला लागला.

वडगावची_ताई

अनगोळकर, तिथं त्यांनी नेमकं काय करून घेतलं?

अनगोळकर

रोज प्रत्येकाला उभं करून बोलायला लावायचे. पहिल्या दिवशी नाव-गाव, मग घरचं, मग एखादी गोष्ट. घोषणा पण होत्याच की.

मलप्रभा

मी मूळची खानापूर तालुक्यातली, क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी आरशाचं बघू. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली ह्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना स्वतःबद्दलचं एक चांगलं वाक्य, "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं, पुन्हा पुन्हा मनात म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात बरं होतं त्यांना थोडं छान वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. म्हणजे गरज ज्याला, त्यालाच ते उलटं पडलं. ताईंच्या विद्यार्थ्याचं हेच होतंय. "मी सर्वोत्तम" म्हटलं की आतनं लगेच कुणीतरी विचारतं, "मग ते नऊ मार्क कुणाचे?"

गाब्रिएले एटिंगेन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बरीच वर्षं ह्याच्याच शेजारचा एक विषय अभ्यासला. यशाची नुसती गोड चित्रं रंगवणारे लोक प्रत्यक्षात हातपाय कमी हलवतात, असं त्यांना दिसलं. त्यांची सूचना अशी की हवं ते मनात आणा, आणि लगेच मध्ये काय आडवं येणार आहे तेही आणा. गोड चित्र आणि अडथळा, दोन्ही एका बैठकीत.

आता समजूत मोडायची कशी ते. अल्बर्ट एलिस ह्यांनी 1950 च्या दशकात आणि ॲरन बेक ह्यांनी 1960 च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली तिचा गाभा एवढाच, की घटनेमुळं माणूस थेट खचत नाही, मध्ये त्या घटनेबद्दलची त्याची समजूत असते. मराठीत हा विचार कि. मो. फडके ह्यांनी पुष्कळ पोचवला. ताईंचंच उदाहरण घेते. नऊ मार्क पडले, ही घटना. "मराठी मीडियमवाल्याला सायन्स होत नाही", ही समजूत. आणि पुस्तक मिटून ठेवलं, हा परिणाम. मुलाला विचारलं तर तो सांगणार, नऊ पडले म्हणून पुस्तक मिटलं. मधली पायरी त्याला दिसतच नाही, कारण ती त्यानं स्वतः केलेली नाही. घरात, गल्लीत, सीनिअर मुलांकडनं ऐकून ती आयती मिळालेली आहे.

म्हणून ते वाक्य आधी कागदावर उतरवायचं, जसंच्या तसं, ज्या बोलीत मनात येतं त्याच बोलीत. मग त्याच्याखाली, हे खरं असल्याचा पुरावा काय? खोटं असल्याचा पुरावा काय? नऊ मार्कांचं दुसरं काही कारण असू शकतं का? पेपर सोडवायला वेळ पुरला नाही, प्रश्नातला एक शब्द कळला नाही, धडाच वाचला नव्हता, काहीही. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, हे वाक्य येत्या आठवड्यात तपासून बघायचं असेल तर काय करून बघता येईल? नुसत्या वादावादीत समजूत हरत नाही. ती फार हुशार असते, प्रत्येक मुद्द्याला उत्तर काढते.

सेटरमामांची गोष्ट मला म्हणूनच आवडली. अल्बर्ट बांडुरा ह्यांनी 1977 मध्ये मांडलं होतं की "हे मला जमेल" हा भरवसा चार ठिकाणांहून येतो. स्वतः करून बघितलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला करताना बघणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम वगैरे. ह्यात सगळ्यात भक्कम पहिलं. शिबिरं बहुतेक तिसऱ्यावर चालतात. अनगोळकरांच्या मुलाला तिथं रोज उभं राहून बोलावं लागलं, म्हणजे नकळत पहिलं मिळालं. आणि मामांना इंजिनिअरनं समजावलं असतं तर कदाचित पटलं नसतं, सातवी शिकलेल्या माणसानं दाखवलं म्हणून पटलं. ते दुसरं.

नाक्यावरच्या दादांशी मी सहमत आहे. वहीत दोन खाने करा. "नोटीस कन्नडमध्ये आली" ही वस्तुस्थिती, तिच्यावर सकारात्मक विचार करून काही होत नाही. "मला कन्नड ह्या जन्मात येणार नाही" हे भविष्य, आणि ते तपासता येतं. आपल्याकडं गडबड होते ती दोन्हीचं एकच गाठोडं केल्यामुळं.

हिंडलगा_नाका

खाने मान्य. मग पहिल्या खान्यात हे लिहून ठेवा. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणं संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रारीचं निवेदन देता येतं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळावं म्हणून 350 अ, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायचा म्हणून 350 ब. ही दोन कलमं 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली. कलम आहे म्हणून काम लगेच होतंय असं नाही, ते मला कुणी सांगायला नको. पण "मराठीत अर्ज चालतच नाही" असं समजून घरी बसणारे पण मी भरपूर बघितलेत. तेवढं तुमच्या दुसऱ्या खान्यात टाका.

लोंढा_पॅसेंजर

दुसऱ्या खान्याबद्दल माझ्याकडं मसाला आहे.

"कन्नड बरंगिल्ल" (कन्नड येत नाही) हे कन्नड वाक्य मी इतक्या सफाईनं बोलायचो की समोरच्याला वाटायचं ह्याला चांगलं कन्नड येतंय आणि हा नाटक करतोय. लहानपणापासून घरात ऐकलेलं, आपल्याला ती जिलेबी वाचता येत नाही. मग कामाला बेळगावला रोज रेल्वेनं यायला लागलो. लोंढा, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर नाव कन्नडमध्ये आणि देवनागरीत, दोन्ही असतंच. बसल्या बसल्या जुळवायला लागलो. खानापूरनं ख, न, प, र दिले. गुंजी आणि लोंढ्यानं सांगितलं की अनुस्वार डोक्यावर नसतो, अक्षराच्या पुढं गोल काढतात. मिरजेकडं गेलो तेव्हा चिक्कोडी रोडच्या पाटीवर कळलं की जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लोंबतं. क्रम तर आपलाच, क ख ग घ. आपल्याला नवीन म्हणजे ए आणि ओ ह्रस्व पण असतात, दीर्घ पण. तो फरक कानाला बसायला वेळ लागतो. माझा अजून चुकतो आणि दुकानदार हसतो. हसू दे.

बोलण्यात एकच बदल केला. "बरंगिल्ल"च्या जागी "स्वल्प स्वल्प बर्तैती, सावकाश हेळ्री". थोडं थोडं येतं, सावकाश सांगा. गंमत म्हणजे लोक खरंच सावकाश सांगतात. आधी ते तोंड फिरवायचे असं मला वाटायचं, पण "बरंगिल्ल" म्हणून संभाषण मीच बंद करत होतो.

आणि हो, कन्नड शिकलो म्हणून माझं मराठी कमी झालं नाही. हे लिहावं लागतं, कारण कट्ट्यावर पहिला टोमणा तोच येतो.

हिंडलगा_नाका

टोमणा मारणार होतो, राहू दे आता.

निपाणीची_लेक

बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमची आत्या विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांमागं. पान किती आलं, तंबाखू किती दिला, नापास म्हणून किती काढल्या, हप्त्याला हातात किती पडायला पाहिजेत, सगळं तोंडी. कारखान्याच्या मुनिमानं पाच रुपये कमी दिले तर रस्त्यात थांबून हिशोब करायची आणि परत फिरायची. ह्याच बाईला बायकांच्या बचत संघाचं पुस्तक लिहायला सांगितलं की "अगं बाई, आम्हा अडाण्यांना काय कळतंय हिशोबातलं".

1981 साली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला होता, तेव्हा रस्त्यावर बसलेल्यांत आमच्या घरच्या बायकाही होत्या. पोलिसांसमोर बसायला भ्यायल्या नाहीत, आणि बँकेच्या काउंटरला मात्र नातवाला पुढं करतात. भित्रेपणा म्हणावा तर तो सगळीकडं दिसायला पाहिजे होता ना? फक्त कागद आला की कसा दिसतो?

आम्ही आत्याला समजावणं सोडून दिलं. एका बैठकीत ती बोलेल ते आकडे मी लिहिले आणि बेरीज तिला करायला लावली. पुढच्या खेपेला आकडेही तिनंच काढले, वाकडेतिकडे. "तू हुशार आहेस" असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर लाजून उठून गेली असती. आता संघातल्या बाकीच्या बायकांना वाटतं की पुस्तक म्हणजे काय मोठी गोष्ट नव्हे, आक्का लिहितेच की.

येळ्ळूरचा_पैलवान

सगळं वाचलं. किती दिवस लागतात तेवढं सांगा. 21 दिवसांत सवय लागते म्हणतात.

मलप्रभा

21 चं मूळ मजेशीर आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नव्या चेहऱ्याची ओळख व्हायला रुग्णांना कमीत कमी 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. पुढं "कमीत कमी" गळालं, चेहरा गळाला आणि 21 राहिले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना रोजची एक साधी सवय लावून बघितली. अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस, पण कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं. पैलवानांना तालमीमुळं हे माहीत असणारच.

दिवस मोजण्यापेक्षा जर-तर ठरवलेलं बरं. पीटर गॉल्विट्झर ह्यांचं ह्यावर बरंच काम आहे. "मी आता घाबरणार नाही" असं नको. "तासाला इंग्लिश शब्द अडला, तर त्याच क्षणी वहीच्या कडेला लिहीन आणि तास संपायच्या आत विचारीन" असं हवं. कधी आणि काय, दोन्ही ठरलेलं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवा. मूल दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, कशातच मन लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर हा विषय समजुती आणि सवयींचा राहत नाही. तिथं वही देऊ नका. टेलिमानस 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत पण बोलता येतं. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आपल्याला जवळ आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून तिकडं न जाणारी घरं मी फार बघते.

येळ्ळूरचा_पैलवान

254 वाला मीच असणार.

वडगावची_ताई

सगळ्यांचे आभार. आता काय करणार ते लिहिते, खोट असेल तर काढा.

पुढच्या सोमवारपासून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी मराठीत घेणार, मग तेच वाक्य मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये, मग पुस्तकातलं. एका वेळी एकच व्याख्या, मामांच्या सिंगल ब्लॉकसारखी. वहीच्या कडेला अडलेले शब्द. टेस्ट झाली की मार्कांच्या खाली मुलांनीच कारण लिहायचं, आणि "मराठी मीडियम" हे कारण चालणार नाही. कुठला शब्द, कुठली पायरी ते लिहायचं. येळ्ळूरची माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंजिनिअरिंगला आहे, तिला बोलावणार. भाषणाला नाही. तिची फर्स्ट पीयूसीची वही आणायला सांगितलीय, पहिल्या पानापासून लाल शाईनं भरलेली.

सेटरमामा, तुम्ही येऊन मुलांशी बोलाल का?

उद्यमबाग_सेटर

ताई, चार लोकांसमोर बोलायचं आमच्याकडनं होत न्हाई.

कुंदा_कमी_साखर

धाग्याचं शीर्षक वाचा मामा 😄

मलप्रभा

मामा, पुरावा काय?

उद्यमबाग_सेटर

बरं बरं, गप्प बसा सगळी. असं करूया. मी तिकडं येत न्हाई, पोरं इकडं येऊ देत. मशिनसमोर उभं राहिलं की मला बोलायला येतंय. एक्स-झेड म्हणजे त्यांचाच ग्राफ हाय, प्रोग्रॅमची एक-एक ओळ त्यांच्याकडनंच टाकून घेतो. मालकाला विचारून वार सांगतो. एका खेपेला आठ-दहाच्या वर नको, मशिनपाशी जागा कमी. पायात बूट पाहिजेत, चप्पलवाल्याला आत सोडत न्हाईत. पोरींनी केस घट्ट बांधून यायचं, ओढणी घेऊन मशिनजवळ यायचं न्हाई.

वडगावची_ताई

चालेल. दोन तुकड्या करते. वार कळवा.